एका गावातील तीन छायाचित्रे आणि त्यांचे धनी

विंचूर म्हटले की इतिहासप्रेमींना सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात. निफाड तालुक्यातील याच गावात आज लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे आणि औद्योगिक विकास महामंडळाचे वाईन पार्कही आहे. समजा, एकाच दिवशी येथे तीन छायाचित्रे टिपली गेली. एका मुक्त छायाचित्रकाराने सकाळी स्वतःहून कांद्याचा लिलाव टिपला. दुपारी त्यानेच ठरलेल्या मोबदल्यात एका वाईनरीसाठी बाटल्यांचे छायाचित्र काढले. लिलावाचे आणखी एक छायाचित्र एका दैनिकाच्या पगारी छायाचित्रकाराने घेतले. हक्कांविषयी कोणी काहीच लिहून घेतलेले नाही. या छायाचित्रांचे स्वामित्व कोणाकडे जाईल?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ तीन निराळी उत्तरे देते. पहिले छायाचित्र काढणाऱ्याचे. तिसऱ्यात वाटणी होते: वृत्तपत्रात वा नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा, उरलेले हक्क छायाचित्रकाराचे. दुसरे मात्र संपूर्णपणे वाईनरीचे. दृष्टी, श्रम, कॅमेरा, सारे छायाचित्रकाराचे. तरीही मोबदला देऊन काम सांगणारा हाच कायद्याच्या लेखी ‘प्रथम स्वामी’.

हा नियम आला कोठून, हे पाहण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. त्या वेळी छायाचित्र ही कलाकृती मानावी की यंत्राची करामत, याविषयीच वाद होता. ब्रिटिश संसदेने १८६२ च्या कायद्याने छायाचित्राला चित्राच्या पंक्तीत बसवले. पण त्याच कायद्यात एक मेखही मारून ठेवली. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा हक्क कलावंताने लेखी राखून ठेवला नसेल, तर तो काम सांगणाऱ्याकडे जाई.

या नियमाला केवळ धनिकांचा स्वार्थ म्हणून मोडीत काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. स्टुडिओत बसून काढून घेतलेली तसबीर उद्या दुकानाच्या काचेत टांगली गेली तर? १८८८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात नेमका असाच खटला उभा राहिला. श्रीमती पोलार्ड यांनी काढून घेतलेल्या तसबिरीचे छायाचित्रकाराने नाताळचे शुभेच्छापत्र बनवले होते. न्यायालयाने त्याला मनाई केली. करारात अध्याहृत असलेल्या अटीचा आणि विश्वासाचा तो भंग होता. बसणाऱ्याच्या अब्रूचे रक्षण ही या नियमाची समर्थनीय बाजू होय. वाईनच्या बाटलीला मात्र अब्रू नसते!

पुढे १९११ चा साम्राज्याचा कायदा १९१४ मध्ये काही फेरफारांसह भारतात लागू झाला. त्यात निगेटिव्ह ज्याच्या मालकीची, तोच छायाचित्राचा कर्ता मानला गेला. स्टुडिओमालकाने न टिपलेले छायाचित्रही अशा रीतीने त्याचेच ठरे. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये ही व्याख्या बदलली आणि प्रत्यक्ष छायाचित्र काढणाऱ्यास कर्ता म्हटले. १८६२ ची मेख मात्र तशीच राहिली. कर्ता एक आणि धनी दुसरा, ही विचित्र रचना तेव्हापासूनची.

ब्रिटनने १९८८ मध्ये हा गुंता सोडवला. स्वामित्व छायाचित्रकाराला दिले. खासगी वा घरगुती प्रसंगासाठी छायाचित्रे काढून घेणाऱ्याला ती प्रसिद्ध होऊ न देण्याचा स्वतंत्र हक्क दिला. लग्नघर आणि कारखाना यांच्यात भेद करण्याची ही वाट भारतीय कायद्याने अद्याप धरलेली नाही.

त्याचा फटका बसतो तो मोबदल्याला. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश नमूद नसेल तर केवळ भारत, असे कलम १९ सांगते. स्वामित्वशुल्क किती, हेही करारात लिहावे लागते. परंतु या तरतुदींचा लाभ मुळात स्वामी असणाऱ्यालाच. वाईनरी जन्मतःच स्वामी असल्याने तिला हस्तांतरणाची गरजच उरत नाही. एका दुपारच्या मजुरीत काढलेले छायाचित्र लेबलावर, फलकावर, परदेशी जाणाऱ्या माहितीपत्रकावर कितीही वर्षे वापरता येते. काढणाऱ्याकडे कलम ५७ चे हक्क तेवढे राहतात: कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीस आक्षेप घेण्याचा.

मात्र कलम १७ च्या या नियमात ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी एक अट आहे. काम स्वीकारण्यापूर्वी ‘प्रथम स्वामी छायाचित्रकारच राहील; ग्राहकास केवळ लेबलासाठी, भारतात, २ वर्षांपुरता वापरपरवाना’ एवढे लेखी ठरले, तर चित्र पालटते. फलकावर वापरायचे असल्यास त्याचा दर मग निराळा सांगता येतो.

२०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राची मुदतही बदलली. पूर्वी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षे होती. आता ती काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत चालते. विंचूरच्या त्या बाटलीच्या छायाचित्राची मुदत छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून मोजली जाईल आणि हक्क वाईनरी बजावेल.