कैरोचा आवाज

५ जून १९६७, सोमवार. सकाळी नऊच्या आत इस्रायली विमाने इजिप्तच्या विमानतळांवर येऊन धडकली आणि दुपारपर्यंत इजिप्तचे हवाई दल जवळजवळ संपले. सुमारे तीनशे विमाने जळाली, त्यांतली बहुतेक जमिनीवर उभी असतानाच. त्या दिवशी कैरोच्या रस्त्यांवर मात्र लोक आनंदाने नाचत होते. दुकानात, टॅक्सीत, कॉफीच्या अड्ड्यावर रेडिओ एकच सांगत होता: शत्रूची विमाने पडताहेत. आकडा तासातासाने वाढत होता. आपल्याकडे कसोटी सामन्याचा धावफलक ऐकावा तसे लोक तो ऐकत होते. रात्री आठच्या सुमारास तो ८६ वर पोहोचला होता.

हा प्रसंग पुढे इतक्यांदा सांगितला गेला की त्याची एक बोधकथाच झाली. भाबडा अरब श्रोता, थापाडा रेडिओ, आणि शेवटी फुटलेला फुगा. पाश्चात्त्य लेखकांपैकी काहींनी तर अरबी भाषेच्या अलंकारप्रियतेलाच दोष देऊन टाकला. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. श्रोता भाबडा नव्हता. त्याला अनुभव होता, आणि त्या अनुभवानेच त्याचा घात केला.

‘सौत अल-अरब’, म्हणजे ‘अरबांचा आवाज’, हा कार्यक्रम कैरो रेडिओवर जुलै १९५३ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो रोज जेमतेम अर्ध्या तासाचा होता. काही वर्षांत त्याचे स्वतंत्र केंद्र झाले आणि अहमद सईद हा त्याचा प्रमुख निवेदक अरब जगाच्या घराघरांत पोहोचला. साक्षरता कमी होती, वर्तमानपत्र शहराबाहेर क्वचित जाई. पण स्वस्त ट्रान्झिस्टर आला आणि येमेनच्या डोंगरातला शेतकरीही कैरो ऐकू लागला. नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाची घोषणा याच केंद्रावरून झाली. जॉर्डनच्या सैन्याचा इंग्रज सेनापती ग्लब याच्याविरुद्ध या केंद्राने एवढे रान उठवले, की मार्च १९५६ मध्ये राजे हुसेन यांनी त्याला बडतर्फ केले, त्यामागे या प्रचाराचा दबावही होता. बातम्यांच्या जोडीला उम्म कुलसूम यांचे गाणे असे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांची मैफल कैरोहून प्रक्षेपित होई आणि माणसे रेडिओभोवती गोळा होत. ज्या पेटीतून ते गाणे येते, त्याच पेटीतून राजकारण येत होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. बीबीसीची अरबी सेवा ३ जानेवारी १९३८ रोजी सुरू झाली, ती मुसोलिनीच्या बारी रेडिओला उत्तर म्हणून. पहिल्याच दिवशीच्या बातम्यांत, ब्रिटिशांनी एका पॅलेस्टिनी अरबाला फाशी दिल्याचे वृत्त होते. लंडनमधल्या काही अधिकाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. पण अशा गोष्टींमुळेच बीबीसीची पत राहिली. सायप्रसमधून चालणारे ‘शर्क अल-अदना’ हे दुसरे केंद्र वरकरणी अरबी, आतून ब्रिटिश होते. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस, सुएझवर हल्ला होताना, ब्रिटिश सरकारने ते उघडउघड ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘ब्रिटनचा आवाज’ केले. तिथल्या अरब कर्मचाऱ्यांनी काम सोडले. त्याच दिवसांत ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात कैरो रेडिओचे प्रक्षेपण बंद पडले, तेव्हा दमास्कसच्या निवेदकाने ‘दमास्कसहून, हे कैरो’ असे म्हणून बोलायला सुरुवात केली. अरब ऐक्यावर पुढे ढीगभर ठराव झाले. मला त्या सगळ्यांपेक्षा ही एक उद्घोषणा वजनदार वाटते.

१९५६ चा खरा धडा मात्र वेगळा होता. इस्रायलने सिनाईत हल्ला केला आणि ब्रिटन-फ्रान्स ‘भांडण सोडवायला’ म्हणून मध्ये पडले. हे तिघांनी ठरवून केले आहे, असे कैरो रेडिओ म्हणत होता. लंडन ते नाकारत होते. पंतप्रधान ईडन यांनी २० डिसेंबरला कॉमन्समध्ये सांगितले, की इस्रायल हल्ला करणार याची पूर्वकल्पना नव्हती. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या २२ ते २४ तारखांना पॅरिसजवळच्या सेव्र येथे तिन्ही देशांचे प्रतिनिधी गुप्तपणे भेटले होते आणि लेखी करार झाला होता. म्हणजे त्या वेळी कैरोचा आवाज खरा होता आणि वेस्टमिन्स्टरचा खोटा. अरब श्रोत्याने हे लक्षात ठेवले, यात त्याचे काय चुकले?

आता पुन्हा १९६७. पहिली थाप श्रोत्यासाठी नव्हतीच. ती मित्रासाठी होती. ५ जूनच्या सकाळी इजिप्तचे सेनाप्रमुख आमेर यांनी अम्मानला कळवले, की इस्रायलची तीनचतुर्थांश विमाने नष्ट झाली आहेत. हुसेन यांनी त्यावर विसंबून तोफा सुरू केल्या. तीन दिवसांत पूर्व जेरुसलेम आणि पश्चिम किनारा त्यांच्या हातून गेला. प्रचाराचे बळी म्हणून आपण नेहमी सामान्य माणूस मोजतो. इथे एक राजा होता.

६ जूनच्या पहाटे नासर आणि हुसेन यांचे साध्या रेडिओ-टेलिफोनवरून बोलणे झाले. इस्रायलने ते ऐकले आणि ८ जूनला जगाला ऐकवले. अमेरिकेचे नाव घ्यायचे की ब्रिटनचेही, अशी विचारपूस त्यात आहे. हुसेन दोन्ही नावे सुचवतात. त्या दिवशी कैरो रेडिओने जाहीर केले, की अमेरिकन आणि ब्रिटिश विमाने इस्रायलच्या बाजूने लढत आहेत. अमेरिकेचे राजदूत गोल्डबर्ग यांनी सुरक्षा परिषदेत आरोप फेटाळला आणि आमच्या विमानवाहू जहाजांवर निरीक्षक पाठवा, असे आव्हान दिले. ते ऐकायला कोणी तयार नव्हते. इजिप्त, सीरिया, अल्जीरिया, इराक, सुदान यांनी वॉशिंग्टनशी संबंध तोडले, तेल उत्पादकांनी अमेरिका-ब्रिटनकडे जाणारे तेल रोखले.

हा निव्वळ कावा होता का? माझ्या मते पूर्णपणे नाही. इस्रायली वैमानिक परत येऊन काही मिनिटांत इंधन आणि दारूगोळा भरून पुन्हा उडत होते. त्यामुळे विमानांची संख्या आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटत होती. शिवाय विमाने समुद्रावरून वळसा घेऊन पश्चिमेकडून आली. एवढी विमाने, त्या दिशेने, म्हणजे मागे कोणीतरी मोठे आहे, हा तर्क अकरा वर्षांपूर्वी अचूक ठरला होता. पराभवाची लाज झाकण्याची निकड आणि खरा संशय इथे एकमेकांत मिसळले. ते वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही.

९ जूनच्या संध्याकाळी नासर यांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर केला. शत्रू पूर्वेकडून येईल अशी अपेक्षा होती, तो पश्चिमेकडून आला, हे त्या भाषणातही होते. ‘अल-अहराम’चे संपादक हैकल यांनी त्याचा मसुदा लिहिला आणि पराभवाला ‘नक्सा’, म्हणजे पीछेहाट, हा मवाळ शब्द दिला. लोक रस्त्यावर आले, पण सूड मागायला नव्हे. तुम्ही जाऊ नका, म्हणायला. दुसऱ्या दिवशी राजीनामा मागे घेतला गेला. या गर्दीला सरकारने जमवले, असे म्हणणारे आहेत. थोडी जमवलीही असेल. सगळी नव्हे.

हुसेन यांनी आरोप मागे घेतला. नासर यांनी १९६८ च्या मार्चमध्ये ‘लुक’ या अमेरिकन पाक्षिकाला दिलेल्या मुलाखतीत तो चुकीच्या माहितीवर आणि संशयावर आधारलेला गैरसमज होता, अशी कबुली दिली. ती अमेरिकन वाचकाला दिलेली होती. ज्या श्रोत्याने ८६ पर्यंतचा आकडा मोजला होता, त्याला बीबीसीचा काटा शोधायची सवय एव्हाना लागली होती.

अहमद सईद याला युद्धानंतर केंद्रावरून हटवण्यात आले. सेनेकडून आलेली निवेदने मी वाचली, दुसरे काय करू शकत होतो, असे तो उतारवयातही सांगत राहिला. जून २०१८ मध्ये, त्या युद्धाच्या वर्षदिनाच्या तोंडावर, तो कैरोत वारला.