चर्च, छापखाना आणि चौक : फिलिपीन्समधले एक वर्ष

श्रोतेहो, एखाद्या समाजावर आळशीपणाचा शिक्का मारणे फार सोपे असते. मारणारा बहुधा सावलीत बसलेला असतो. फिलिपीन्सच्या लोकांवर स्पॅनिश अमदानीत हा शिक्का बसला. मनिलातले अधिकारी म्हणत, मठातले पाद्री म्हणत, प्रवासी लिहून ठेवीत की ही माणसे देवभोळी खरी, पण कामाला वाकत नाहीत.

या आरोपाला सविस्तर उत्तर दिले होसे रिझाल यांनी. १८९० साली माद्रिदहून निघणाऱ्या ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रात त्यांनी पाच हप्त्यांत लेख लिहिला. गंमत अशी की त्यांनी आरोप सरसकट नाकारला नाही. आळस आहे, असे ते मान्य करतात. पण तो रोगाचे कारण नसून रोगाचे लक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे. स्पॅनिश येण्यापूर्वी हेच लोक दूरदूरच्या बंदरांशी व्यापार करीत होते. मग झाले काय? जहाजबांधणीसाठी माणसे वेठीला धरली गेली. वर्षाला ४० दिवसांची सक्तीची मेहनत होती. १८८४ साली ती १५ दिवसांवर आली. पैसे भरणाऱ्याला सूट मिळे, म्हणजे वेठ गरिबाच्याच वाट्याला. ज्याच्या घामाचे पीक दुसऱ्याच्या कोठारात जाते, त्याने घाम किती गाळावा?

आता हे कोठार कुणाचे, ते पाहू. पुष्कळ ठिकाणी ते स्पॅनिश मठवासी पाद्र्यांचे होते. रिझाल यांचे स्वतःचे कुटुंब कालांबा गावी डॉमिनिकन संघाच्या जमिनीवर कूळ होते, आणि खंडाच्या वादात १८९१ साली तिथल्या कुळांना घराबाहेर काढण्यात आले. म्हणजे रविवारी मिस्सा म्हणणारा संघ तोच, सोमवारी खंड मागणारा तोच. शिवाय शाळेवर देखरेख त्याची, गावकारभारात शेवटचा शब्द त्याचा. काम, श्रद्धा आणि चावडी या तिन्हींच्या किल्ल्या एकाच झग्याच्या खिशात!

देशी पाद्र्यांना मात्र बहुधा मदतनिसाच्या पुढे जाऊ देत नसत. त्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांपैकी गोमेस, बुर्गोस आणि झामोरा या तीन पाद्र्यांना कावीते येथील बंडात गोवून १७ फेब्रुवारी १८७२ रोजी देहान्त शिक्षा देण्यात आली. तेव्हापासून धर्माचा प्रश्न त्या देशात निव्वळ धर्माचा राहिलाच नाही.

या पार्श्वभूमीवर एक माणूस पुढे येतो : इसाबेलो दे लोस रेयेस. इलोकोस प्रांतातल्या विगान गावी १८६४ साली जन्म. आई लेओना फ्लोरेन्तिनो कवयित्री. पेशा पत्रकाराचा, आवड लोककथा आणि लोकाचार गोळा करण्याची. क्रांतीच्या धामधुमीत त्यांना पकडून १८९७ साली स्पेनला धाडले आणि बार्सेलोनाच्या मोंज्विक किल्ल्यात डांबले. सरकारचा हिशेब इथे चुकला. त्या तुरुंगात स्पेनमधले क्रांतिकारक कामगार पुढारी होते. त्यांच्या सहवासात आमचे हे लोककथा जमवणारे गृहस्थ संप आणि संघटना यांचे धडे शिकले. १९०१ साली ते मनिलाला परतले, तेव्हा सामानात मार्क्स आणि प्रूधाँ यांची पुस्तके होती. राज्य आता अमेरिकनांचे होते.

श्रोतेहो, १९०२ हे वर्ष ध्यानात ठेवा. मनिलाच्या छापखान्यांतले कामगार इसाबेलोंकडे आले, आणि फेब्रुवारीत ‘उनिओन ओब्रेरा देमोक्रातिका’ ही त्या देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली. ३ ऑगस्टला याच संघटनेच्या सभेत इसाबेलोंनी रोमपासून स्वतंत्र अशा फिलिपिनो चर्चची घोषणा केली आणि सर्वोच्च बिशप म्हणून ग्रेगोरियो आग्लिपाय यांचे नाव पुकारले. आग्लिपाय क्रांतीत भाग घेतलेले पाद्री; १८९९ सालीच चर्चने त्यांना बहिष्कृत केले होते. प्रथम त्यांनी पाऊल मागे घेतले, पण ऑक्टोबरपर्यंत ते या नव्या चर्चच्या गादीवर आले होते.

कामगारांच्या सभेत चर्चची स्थापना! वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. पण त्या सभेतल्या खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मालकापुढे ताठ उभे राहायचे आणि वेदीपुढे मात्र परक्याच्या मर्जीने गुडघे टेकायचे, हे त्याला एकाच पाठीने कसे जमावे? देव त्याला सोडायचा नव्हता. देवाकडे जाण्याच्या वाटेवरचा नाका तेवढा उठवायचा होता.

त्याच ऑगस्टात मनिलात संप पेटले आणि इसाबेलोंना अटक झाली. आरोप कोणता? मजुरीचा भाव वाढवण्याचा कट! कलम होते जुन्या स्पॅनिश दंडसंहितेतले. राज्य बदलले, पण मजुराला दाबायला जुना कायदा नव्या राज्यकर्त्यांच्या कामी आला. चार महिन्यांची शिक्षा झाली. पुढे दोमिनादोर गोमेस यांच्या पुढारीपणाखाली १ मे १९०३ रोजी कामगारांचा प्रचंड मोर्चा गव्हर्नरच्या मालाकान्यांग प्रासादावर गेला. गोमेस यांनाही अटक झाली आणि संघटना विस्कळीत झाली.

नव्या चर्चचेही सोपे गेले नाही. लोकांनी गावोगावची चर्चे ताब्यात घेतली होती. १९०६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मालमत्ता रोमन कॅथलिक चर्चची ठरवली. घाम गाळून बांधलेल्या इमारती सोडून अनेक गावांना नव्याने सुरुवात करावी लागली. मठांची सुमारे चार लाख एकर जमीन अमेरिकन सरकारने १९०३ च्या अखेरीस विकत घेतली, पण तिच्यातली बरीचशी पुढे कुळांऐवजी पैसेवाल्यांकडेच गेली.

इसाबेलो पुढे सिनेटर झाले आणि १९३८ साली वारले. अखेरच्या काळात ते जुन्या चर्चकडे परतले असे सांगतात. त्यावर वाद आहे. त्यांचे चिरंजीव मात्र १९४६ साली त्या स्वतंत्र चर्चचे प्रमुख झाले. ते चर्च आजही आहे.

मग १९०२ चा जमाखर्च काय? संप मोडले, इमारती गेल्या, जमीन हुकली. पण ज्यांना आळशी आणि देवभोळे म्हणून हिणवले, त्या लोकांनी एका वर्षात आपल्या कष्टाचा भाव स्वतः सांगितला आणि आपल्या वेदीपाशी कुणी उभे राहावे हेही स्वतः ठरवले. तीन किल्ल्या एका खिशातून काढायला तो देश निघाला, तो या वर्षी. तेव्हा यापुढे एखादा समाज आळशी आहे असे कुणी आपल्याला सांगू लागले, तर आपण एवढेच विचारावे : त्याच्या कोठाराची किल्ली कुणाकडे आहे?