कलम, लेखणी आणि एक नाक

मर्क्युरिअल वापरणाऱ्यांना 'ग्राफ्ट' ही कमांड माहीत असेल. एका ब्रँचवरचा बदल उचलायचा आणि दुसरीवर नेऊन लावायचा. गिटवाले साधारण ह्याच कामाला 'चेरी-पिक' म्हणतात. म्हणजे एक माळी कलम करतो, दुसरा नुसतीच फळं तोडतो :)

तर ग्राफ्ट हा शब्द मुळात बागेतला. एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधायची, म्हणजेच आपलं कलम. पण त्याच्याही मागे गेलं की गंमत सुरू होते. ग्रीकमध्ये 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे, आणि त्यावरून आलेला 'ग्राफेइऑन' म्हणजे लिहायची टोकदार काडी. हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे तासलेल्या काडीलाही लागला, कारण ती लेखणीसारखी दिसते. इंग्रजीत तो आधी 'ग्राफ' होता, शेवटचा 'ट' नंतर चिकटला.

आता आपला 'कलम' बघा. हाही मूळचा ग्रीकच. 'कालामोस' म्हणजे बोरू. तो अरबी आणि फारसीतून आपल्याकडे आला. शब्द वेगळे, वाटा वेगळ्या, पण लेखणी आणि झाडाची काडी ही जोडी दोन्हीकडे जमली. इतकंच नाही, आपल्याकडे कायद्यालाही कलमं असतात, आणि फ्रेंचमध्ये 'ग्रेफ' म्हणजे झाडाचं कलम आणि कोर्टातल्या कारकुनाची कचेरीसुद्धा! लिहिणं आलं की कोर्ट येणारच म्हणा.

असो. बागेतून हा शब्द माणसाच्या अंगावर कसा आला ते जास्त महत्त्वाचं. १८६९ साली पॅरिसमध्ये रेव्हर्दँ नावाच्या डॉक्टरने कातडीचे बारीक तुकडे पूर्ण सुटे करून जखमेवर लावले आणि ह्या प्रकाराला 'ग्रेफ'च म्हटलं. पण कातडी हलवण्याची कला त्याच्या खूप आधीची, आणि त्यातली एक नोंद थेट पुण्याजवळची आहे.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ हा माणूस नाकाशिवाय जगला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या, बहुधा कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचं नाक करून मापाला बसवलं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमधली एक पट्टी मात्र मुद्दाम तोडली नाही, कारण रक्त तिच्यातून येणार. नवी कातडी धरल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी कापली.

आंब्याची बाग पाहिलेल्यांच्या हे लक्षात आलं असेल. हे तर सरळ सरळ भेटकलम! भेटकलमातही फांदी मूळ झाडापासून लगेच तोडत नाहीत. दोन्हीकडची साल तासून एकमेकांना बांधतात, जीव धरला की मगच तोडतात. कोयकलमात मात्र काडी आधीच तोडून आणतात. आजचे सर्जनही हाच फरक करतात. जोड राखून वळवलेली कातडी म्हणजे 'फ्लॅप', सुटी करून लावलेली म्हणजे 'ग्राफ्ट'. माळ्यांना हा फरक आधीपासून ठाऊक होता.

पुण्याची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली. जोसेफ कार्प्यू ह्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढे ही पद्धत युरोपभर गेली.

ग्राफ्टचा आणखी एक अर्थ अमेरिकेतला: सत्तेच्या जागेवरून केलेली कमाई. त्याचं बागेशी नातं कोशकारांना पक्कं ठरवता आलेलं नाही, पण न्यूयॉर्कचा पुढारी प्लंकिट वाचला की ते जाणवतं. १९०५ च्या पुस्तकात तो अभिमानाने सांगतो की आपण 'प्रामाणिक ग्राफ्ट' केलं. म्हणजे काय, तर पार्क कुठे होणार हे आधीच कळलं, जमीन घेऊन ठेवली आणि मग चढ्या भावाने विकली. मुळं शहराची, फळं ह्याची!

कलमाची एक गोष्ट मात्र खटकते. हापूसला नाव मिळालं ते, असं मानतात, अफोन्सो द अल्बुकर्क ह्या पोर्तुगीजावरून. खाली जमिनीत उभा असतो तो रायवळ आंब्याचा खुंट, त्याला कोणी विचारत नाही. तसंच इथेही. कार्प्यूचं नाव पुस्तकांत आहे, कावसजीचं नाव आहे, चित्रसुद्धा आहे. त्या पत्रात नाव नाही ते फक्त नाक करणाऱ्याचं. पुढे युरोपात ह्या पद्धतीला 'इंडियन मेथड' म्हणू लागले. त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच.