बंदिस्त एकांतवास आणि अंतराळवीरांचा डीएनए

लांबच्या अंतराळमोहिमेत माणसे महिनोन्‌महिने एका बंद जागेत, मोजक्या सहकाऱ्यांसोबत राहतात. या राहणीचा गुणसूत्रांच्या टोकांवर, डीएनएच्या दुरुस्तीवर आणि जनुकांच्या चालू-बंद होण्यावर काय परिणाम होतो, हा अवकाशवैद्यकातला तुलनेने नवा विषय आहे. मानवी मोहिमांपुढचे पाच धोके नासाने ठरवले आहेत: किरणोत्सर्ग, एकांत व बंदिस्तपणा, पृथ्वीपासूनचे अंतर, बदललेले गुरुत्व आणि यानातला प्रतिकूल परिसर. प्रत्यक्ष उड्डाणात हे पाचही एकदमच अंगावर येतात. त्यामुळे अंतराळवीराच्या रक्तात दिसलेला बदल कोणाच्या खाती टाकायचा, हा पहिलाच पेच असतो. एकांतवासाचा हिशेब वेगळा मांडायचा तर जमिनीवरच माणसांना कोंडून पाहावे लागते.

कारणमीमांसा. किरणोत्सर्ग डीएनएचा धागा थेट तोडू शकतो. एकांतवास तसे करत नाही, तो आडवाटेने येतो. ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलीनसारखी संप्रेरके चढी राहतात, पेशींत ऑक्सिडीकारक रेणू वाढतात आणि दुरुस्तीवरचा भार वाढतो. गुणसूत्रांच्या टोकांवर टीटीएजीजीजी या क्रमाची हजारो आवर्तने असतात. त्यांना टेलोमेर म्हणतात. या क्रमात ग्वानीन भरपूर असल्याने ऑक्सिडीकरणाचा मार त्यांना जास्त बसतो. सूर्योदय-सूर्यास्त दिसेनासे झाले की झोपेचे घड्याळ ढिले पडते, हालचाल घटते, आणि त्याचा परिणाम पेशींच्या दैनंदिन कारभारावर होतो. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना टेलोमेर व टेलोमरेज या विकराच्या शोधासाठी २००९ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, २००४ मध्ये, एलिसा एपेल व ब्लॅकबर्न यांच्या गटाने आजारी मुलांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या मातांची पाहणी प्रसिद्ध केली होती. सर्वाधिक ताण जाणवणाऱ्या स्त्रियांचे टेलोमेर कमी ताणाच्या स्त्रियांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हातारे असावेत इतके आखूड निघाले. एकटेपणाचा अधिक थेट पुरावा पक्ष्यांतून आला: पिंजऱ्यात एकेकटे ठेवलेल्या आफ्रिकी करड्या पोपटांचे टेलोमेर जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड आढळले (२०१४).

मार्स-५००. मॉस्कोच्या जैववैद्यकीय समस्या संस्थेत ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहा पुरुष एका नकली मंगळयानात बंद होते. तिथे वजनरहितता नव्हती आणि अंतराळातला किरणोत्सर्गही नव्हता. होता तो बंदिस्तपणा. दिवस सरतील तसे हे लोक अधिकाधिक बैठे झाले, आणि एकाचे शरीर तर पंचवीस तासांचा दिवस पाळू लागले. इतके झाल्यावर त्यांचा डीएनए झिजलेला सापडेल अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. डीएनएवर मेथिल गट कुठे चिकटले आहेत हे पाहून पेशींचे जैविक वय अजमावता येते. या सहा जणांच्या रक्ताचे असे विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मोहीम चालू असताना त्यांचे हे वय घटलेले दिसले. बाहेर आल्यावर सात दिवसांनी या वयाच्या पाच मापकांपैकी एकातच ही घट टिकून होती. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या नैसर्गिक मारक पेशींचे प्रमाण मात्र कमी झाले होते आणि ते कमीच राहिले. सहाच माणसे, तीही पारखून निवडलेली. म्हणून या निष्कर्षावरून कोंडून घेणे प्रकृतीला मानवते असे कोणी म्हणू नये. आखीव आहार, ठरलेला दिनक्रम आणि बाहेरच्या संसर्गापासून सुटका यांचाही त्यात वाटा असू शकतो.

नासाचे अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात होते आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क पृथ्वीवर. स्कॉट यांचे टेलोमेर अंतराळात लांबले, आणि परतल्यावर दोन दिवसांच्या आतच आखडू लागले. पण यात पाचही धोके मिसळलेले आहेत. एकांतवासाचा पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी दिले जाते, ते ओढूनताणूनच.

नाशिक परिसर. जमिनीवर स्वेच्छेने स्वीकारलेल्या एकांतवासाचा दीर्घ अनुभव नाशिक जिल्ह्यात आहे. सत्यनारायण गोएंका यांनी उभारलेल्या इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. नेहमीचे शिबिर दहा दिवसांचे. जुन्या साधकांसाठी वीस, तीस, पंचेचाळीस व साठ दिवसांचीही असतात. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, फोन-वाचन-लेखन बंद, आणि पॅगोडात एकेकट्याने बसण्यासाठी लहान कोठड्या, ज्यांना शून्यागार म्हणतात. ब्रह्मी परंपरेतून पश्चिमेत गेलेल्या याच कुळातल्या ध्यानाची, अमेरिकेतल्या सुमारे महिनाभराच्या निवासी शिबिरातली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत साधकांचे टेलोमेर तुलनागटाच्या मानाने वाढलेले आढळले. त्याआधी, २०११ मध्ये, तीन महिन्यांच्या शमथ-ध्यानाच्या शिबिराअखेर साधकांच्या पेशींत टेलोमरेजची क्रिया तुलनागटापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त मोजली गेली होती. दोन्ही पाहण्या लहान आहेत आणि शिबिराला येणारा माणूस मुळातच हौसेने आलेला असतो. तरी मार्स-५०० शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट खटकते: भिंती सारख्याच असूनही पोपटांचे निकाल वेगळे आणि माणसांचे वेगळे का? प्रस्तुत लेखकाच्या मते कोंडले जाण्यापेक्षा कोण कोंडतो, किती काळासाठी आणि बाहेर कोणी वाट पाहणारे आहे का, याला जास्त महत्त्व असावे.

   

भारताचे प्रयोग. भारतीयांचा सर्वांत कडक एकांतवास अंटार्क्टिकावरच्या मैत्री व भारती या तळांवर होतो. त्यांची व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारती तळावर ४०३ दिवस राहिल्या. हिवाळ्याच्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला देशातली पहिली अंतराळसदृश मोहीम झाली. तीत इस्रोच्या मानवी अंतराळ उड्डाण केंद्रासोबत आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई होते.

यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्याच त्सो कार खोऱ्यात ‘होप’ तळावर दोघांनी दहा दिवस काढले. जनुकीय व अधिजनुकीय बदलांची तपासणी या मोहिमेच्या उद्दिष्टांत होती. दहा दिवसांत टेलोमेरच्या लांबीत भरवसा ठेवावा असा फरक सापडणे कठीण. मेथिल गटांची मांडणी आणि जनुकांची क्रिया लवकर हलते, त्यामुळे इतक्या छोट्या मोहिमेतून काही हाती लागायचे तर ते तिथेच. त्सो कार साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा ताण डीएनएवर वेगळाच पडतो, म्हणून त्याच उंचीवर मोकळेपणाने वावरणाऱ्यांचे रक्त तुलनेला घेतल्याशिवाय बंदिस्तपणाचा वाटा तिथे वेगळा काढता येणार नाही.