बुलढाणा जिल्ह्यातील मृदा

बुलढाणा जिल्हा हा महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील, अमरावती प्रशासकीय विभागात मोडणारा जिल्हा आहे. येथील बहुतेक मृदा बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली आहे. काळी, चिकण व चुनखडीयुक्त मृदा हे जिल्ह्याचे मुख्य वैशिष्ट्य असले, तरी डोंगरमाथ्यावरील उथळ मुरमाड जमिनीपासून पूर्णा खोऱ्यातील खोल खारपाण जमिनीपर्यंत तिचे अनेक प्रकार आढळतात. जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून असल्यामुळे, पावसाळ्यात पडलेले पाणी माती किती काळ धरून ठेवते यावर पिकांचे यश मोठ्या प्रमाणात ठरते.

निर्मिती

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. या बेसाल्ट खडकात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे प्रामुख्याने असतात. ऊन, पाऊस, वनस्पतींची मुळे व सूक्ष्मजीव यांच्या दीर्घकालीन परिणामाने या खनिजांचे विघटन होते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह मुक्त होतात आणि स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे तयार होतात.

मृदेची खोली भूरचनेनुसार बदलते. डोंगरमाथ्यावर तयार झालेली माती पावसाबरोबर वाहून जात असल्याने तेथे मुरूम उघडा पडतो. मध्यम उतारावर मध्यम खोलीची जमीन असते आणि सखल भागात वाहून आलेला बारीक गाळ साचून भारी काळी जमीन तयार होते. त्यामुळे एकाच गावाच्या शिवारात बरड, मध्यम व भारी अशा तिन्ही जमिनी आढळू शकतात.

प्रादेशिक विभागणी

स्थानिक बोलीत जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानले जातात. मृदेचे वितरणही स्थूलमानाने याच विभागणीनुसार आहे.

घाटावरचा भाग: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके अजिंठा डोंगररांगेवर व तिच्या दक्षिणेकडील पठारावर आहेत. येथे उथळ ते मध्यम खोलीच्या जमिनी अधिक असून पैनगंगा व खडकपूर्णा नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आढळते. सोयाबीन, तूर, हरभरा ही या भागातील प्रमुख पिके आहेत.

घाटाखालचा भाग: मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके आणि मोताळा तालुक्याचा सखल भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. तापीची उपनदी असलेल्या पूर्णेने व तिला मिळणाऱ्या नद्यांनी येथे गाळाचे जाड थर साचवले आहेत. कापूस हे या भागाचे परंपरागत पीक आहे.

सातपुड्याचा पायथा: जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तर सीमेवर डोंगरउताराची उथळ, दगडगोटेमिश्रित जमीन आहे. पायथ्याच्या निचऱ्याच्या जमिनीत संत्र्याच्या बागा आहेत.

लोणार: लोणारचे विवर उल्कापाताने थेट बेसाल्ट खडकात तयार झाले आहे. आघाताने उडालेला खडकांचा चुरा विवराच्या कडेभोवती पसरलेला आहे. विवरातील सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. २०२० मध्ये या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

घटक

कोणत्याही मृदेत खनिज कण, सेंद्रिय पदार्थ, पाणी व हवा हे चार घटक असतात. वनस्पतींच्या वाढीस अनुकूल अशा आदर्श मृदेत आकारमानाने सुमारे ४५ टक्के खनिजे, ५ टक्के सेंद्रिय पदार्थ आणि प्रत्येकी सुमारे २५ टक्के पाणी व हवा असते, असे मानले जाते. बुलढाण्यातील भारी काळी जमीन या आदर्शापासून दोन बाबतींत दूर आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण बहुधा ५० टक्क्यांहून अधिक असते, तर उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ लवकर कुजत असल्याने सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अनेकदा १ टक्क्याहूनही कमी असते.

स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुंद व खोल भेगांचे हे कारण आहे. या भेगांत वरची माती पडून खालच्या थरात मिसळत राहते. म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःची मशागत करते असे म्हटले जाते. मृदाशास्त्रीय वर्गीकरणात अशा जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात. मध्यम जमिनी बहुधा इन्सेप्टिसॉल व उथळ जमिनी एन्टिसॉल या गणात मोडतात.

वनस्पतींच्या वाढीतील कार्य

पाणी: चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी दीर्घकाळ धरून ठेवतात. पावसाळ्यात साठलेल्या या ओलाव्यावर रब्बी हंगामात हरभरा एखाद्या पाण्यावर किंवा पाण्याविनाही येऊ शकतो. मात्र, काळ्या जमिनीतील सर्वच पाणी पिकाला मिळत नाही. त्याचा काही भाग कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो, की माती ओलसर असतानाही पीक कोमेजू शकते. याउलट मुरमाड जमिनीतील पाणी मुळांना सहज मिळते, पण तेथे साठाच कमी असल्याने पावसाचा खंड पडताच पीक सुकू लागते.

हवा: मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. सतत पाऊस झाल्यास भारी जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कपाशी व तुरीची झाडे पिवळी पडतात. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते.

अन्नद्रव्ये: वनस्पतींना आवश्यक असलेल्या १७ मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही हवा व पाण्यातून मिळतात; उर्वरित १४ मुख्यतः मातीतून मिळतात. चिकणकणांवर ऋण विद्युतभार असल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे धन आयन त्यांच्याशी धरले जातात आणि मुळांना हळूहळू उपलब्ध होतात. काळ्या जमिनीत पोटॅशियम सामान्यतः पुरेसे, तर नत्र कमी असते. चुनखडीमुळे स्फुरद अविद्राव्य होते आणि लोह व जस्ताची उपलब्धता घटते. सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे.

सूक्ष्मजीव: सोयाबीन, तूर, हरभरा, मूग व उडीद यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. या कडधान्यांचे आंतरपीक किंवा फेरपालट केल्यास पुढील पिकालाही नत्राचा काही अंश मिळतो.

खारपाणपट्टा

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या ज्या भागात भूजल खारे आणि जमीन क्षार-चोपण आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतील काही गावे त्यात येतात.

येथील चोपणपणा केवळ सिंचनामुळे आलेला नाही. तो मृदेच्या घडणीतच आहे. अर्धशुष्क हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साका होऊन बसते आणि चिकणकणांवर सोडियमचे प्रमाण वाढते. सोडियममुळे कण विलग होतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी जमिनीत मुरेनासे होते. पावसात पाणी वर तुंबते व पुढे वरचा थर कठीण होतो. विनिमयी सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण समजण्याचा सर्वमान्य निकष आहे. परंतु फुगणाऱ्या काळ्या जमिनीत याहून बऱ्याच कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, असे पूर्णा खोऱ्यातील अभ्यासांतून दिसून आले आहे.

विहिरीचे खारे पाणी पिकांना दिल्यास ही स्थिती अधिक बिघडते. भूजल असूनही ते वापरता येत नाही, ही येथील शेतीची मुख्य अडचण आहे. त्यामुळे शेततळ्यात साठवलेले पावसाचे गोडे पाणी संरक्षित सिंचनासाठी महत्त्वाचे ठरते. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर उभारल्या जाणाऱ्या जिगाव प्रकल्पामुळे या भागाला सिंचन मिळणे अपेक्षित आहे. मात्र मंद निचऱ्याच्या जमिनीत पाण्याबरोबर चरांची व्यवस्था नसल्यास पाणथळपणा व क्षारता वाढण्याचा धोका असतो.

सुधारणा व संवर्धन

चोपण जमिनीत जिप्सम मिसळल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मोकळे झालेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जावे लागते. म्हणून चर खोदल्याशिवाय केवळ जिप्समचा पुरेसा उपयोग होत नाही. धैंचा किंवा बोरू ही हिरवळीची पिके गाडणे, शेणखत व कंपोस्ट वापरणे हे पूरक उपाय आहेत.

घाटावरच्या उथळ जमिनींत मातीची धूप ही मोठी समस्या आहे. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती व समपातळी चर यांनी ती रोखता येते. राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या योजनेत तलावांतील गाळ काढून हलक्या जमिनीवर पसरला जातो. शेतातून वाहून गेलेली सुपीक माती अशा रीतीने पुन्हा शेतात येते. खारपाणपट्ट्यातील गावांचा समावेश नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही करण्यात आला आहे.

मृदा परीक्षण व संशोधन

१९६९ मध्ये स्थापन झालेले अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या संस्थांनी विदर्भातील काळ्या जमिनींचा व खारपाणपट्ट्याचा अभ्यास केला आहे. २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन अशा १२ बाबी तपासल्या जातात. एकाच शेतात जमिनीचा रंग, उतार किंवा खोली बदलत असल्यास प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्यावा लागतो, अन्यथा बरड व भारी जमिनीची सरासरी हाती येते आणि ती दोन्हींपैकी एकाही भागाला लागू पडत नाही.