इंत्रुज म्हणजे प्रवेश



आपल्या निर्मलमध्ये प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी शांतपणे सुरू होतो. गोव्यात त्याआधी शनिवार ते मंगळवार कार्निव्हल रंगतो. गोंयकार त्याला ‘इंत्रुज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रवेश’. प्रवेश कशात? चाळीस दिवसांच्या उपवासात!

पणजीतली चित्ररथांची मिरवणूक १९६५ पासूनची; गावोगावचा इंत्रुज त्याहून कितीतरी जुना. कदंबांची राजधानी असलेल्या चांदोर गावात या दिवसांत ख्रिस्ती गावकरी हाती मुसळ घेऊन ‘मुसळ खेळ’ नाचतात.

दूर पोलंडमध्येही राखेच्या बुधवारआधीच्या गुरुवारी घरोघरी ‘पोंचकी’ खातात, म्हणजे आत जॅम भरलेले तळलेले गोड गोळे. उपवासाआधी घरातली चरबी, अंडी, साखर संपवण्याची ही जुनी रीत. काही गावांत मंगळवारी रात्री मोठ्या तंतुवाद्याचे लुटुपुटीचे दफन करून गाणेबजावणे थांबवतात.

थांबायची वेळ ठरलेली होती, म्हणूनच त्या आनंदाला अर्थ होता. मिरवणूक राहिली आणि बुधवार विसरला, तर आपण दारातच नाचत राहू. चला, कपाळी राख घेऊन उंबरठा ओलांडू या.