तळटीप : ‘जाणती’

१२. जाणती : हस्तलिखितात इथे ‘वयात आलेली’ होते, लेखिकेच्या संमतीने बदलले. नांदेड-लातूरकडे ‘वयात आली’ म्हटले की न्हाण आले, एवढाच अर्थ घेतला जातो. सुझू जाणती होते ती सासरी, चुलीपुढे. ‘कोनो सेकाई नो कातासुमी नी’ (‘या जगाच्या एका कोपऱ्यात’, २०१६, दिग्दर्शक सुनाओ काताबुची) हा फुमियो कोनो यांच्या चित्रकथेवरचा अ‍ॅनिमे; सुझू ही त्याची नायिका. १९४४ साली, अठराव्या वर्षी, हिरोशिमाची ही मुलगी कुरे या नौदलाच्या शहरात नांदायला येते. रेशन आटते तशी ती रानभाजी खुडते. तांदूळ भाजून पाण्यात फुगवते, म्हणजे मूठभर दाणे घरभर पुरावेत. भात भांडेभर होतो, चव मात्र कुणालाच लागत नाही. चित्रपटातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्याकडच्या वाचकाला इथे १९७२चा दुष्काळ आठवेल.  तेव्हा परकरातल्या पोरी आयांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या, तिथे मिळालेली सुकडी धाकट्यांसाठी राखून घरी आणू लागल्या, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापू लागल्या. पुढच्या परिच्छेदातल्या माई भागो यांच्या जाणतेपणाची गोष्ट वेगळी. त्या मुक्तसरला शस्त्र घेऊन लढल्या आणि गुरू गोविंदसिंहांसोबत नांदेडला आल्या. सचखंड गुरुद्वाराच्या आवारात त्यांच्या नावाचा बुंगा (निवासवास्तू) आहे.